आवाज कुठून येऊन रायला, गुरुजी?

माझी गाडी 2006 सालची. 2014 मध्ये नागपुरातून सेकंडहँड घेतली तेव्हा मीटरवर 68 हजार किलोमीटर होते, आता 1 लाख 71 हजार आहेत. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं की समोरचा लगेच आपल्या साळ्याच्या गाडीची गोष्ट काढतो आणि माझी राहूनच जाते. चार दरवाजे, पेट्रोल इंजिन, मूळचा रंग पांढरा, एवढं पुरे.

मी चामोर्शीचा. घोटच्या रस्त्यावरच्या एका शाळेत शिकवतो. ऑइल फिल्टर, फॅन बेल्ट, बल्ब असल्या वस्तू गावातच मिळतात. त्यापुढचं काही लागलं तर गडचिरोली तीसेक किलोमीटर, चंद्रपूर त्याच्या दुपटीहून लांब आणि नागपूर म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस. जिल्ह्यात रेल्वे म्हणायची तर ती आजवर फक्त वडसा स्टेशनाची. त्यामुळे गाडी बंद पडली की आमच्याकडे माणूसही बंद पडतो. अकरा वर्षांत जे शिकलो ते लिहितोय. काही पैसे देऊन शिकलो, काही लाज सोडून.

1. मिस्त्रीला रोग सांगू नये, आवाज सांगावा.

पहिल्या वर्षी मी गॅरेजात शिरलो की निदान घेऊनच शिरायचो. "बेअरिंग गेलंय", "शॉकअप बसलेत". कुठे तरी वाचलेलं, कुणी तरी सांगितलेलं. आमचे मिस्त्री मुकाट्याने ऐकून घ्यायचे. एक दिवस म्हणाले, "गुरुजी, पोराचं पोट दुखलं तर डॉक्टरले तुमी म्हणता का जी, अपेंडिक्स काढून द्या म्हून? आवाज येऊन रायला ना, मंग कसा येते ते सांगा."

कसा येतो ते सांगायला बसलो तेव्हा कळलं की आपल्या भाषेने हे काम आधीच करून ठेवलं आहे. खडखड म्हणजे पत्रा: सायलेन्सरचा पट्टा सुटलाय, नाही तर नंबर प्लेटचा स्क्रू ढिला आहे. खटखट म्हणजे दोन जड वस्तूंमध्ये जागा झाली आहे, खड्ड्यात चाक गेलं की त्या एकमेकींवर आपटतात. टकटक मोजता येते, म्हणजे काही तरी फिरतंय आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा लागतंय. घरघर सलग असते, ती बेअरिंगची. कुरकुर रबराची, बुश कोरडा पडला की गाडी ब्रेकरवर म्हातारीच्या गुडघ्यासारखी कुरकुरते. चिरचिर पट्ट्याची, तीही पावसाळ्यात सकाळी पहिल्या स्टार्टला. फुसफुस म्हणजे कुठला तरी पाइप श्वास टाकतोय. आणि बॅटरी उतरली की चावी फिरवल्यावर येतं ते कट्-कट्-कट्. ते ऐकून मिस्त्रीला बोलवायच्या आधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवावी आणि नट आवळून पाहावा. माझं निम्म्या वेळा तेवढ्यावर भागलं आहे.

तेव्हापासून गाडीत शंभर पानी वही ठेवतो. तारीख, मीटर, आवाज, तो कधी येतो, कशाने वाढतो, कशाने थांबतो. एक नोंद अशी आहे: "12 जुलै. पहिला गिअर, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, टकटक. उजवीकडे वळवल्यावर नाही. सरळ चालताना नाही." मिस्त्रींनी वाचलं, उजव्या चाकामागे हात घातला आणि काळाकुट्ट करून बाहेर काढला. एक्सलच्या सांध्यावरचं रबरी बूट फाटलं होतं, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालं होतं आणि सांध्यात रेती शिरली होती. बूट फाटल्या दिवशीच लक्षात आलं असतं तर नुसत्या बुटावर निभावलं असतं. टकटक सुरू झाली होती, म्हणून सांधाच बदलावा लागला.

2. आधी एवढंच ठरवायचं: आवाज इंजिनाचा की चाकांचा?

गाडी उभी ठेवून रेस दिली आणि आवाज आला, तर तो इंजिनाकडचा. आला नाही, तर रिकाम्या सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगात गिअर न्यूट्रल करावा. इंजिन मंद होतं, चाकं तशीच पळतात. आवाज तसाच राहिला तर चाकांकडे बघायचं. चावी मात्र बंद करायची नाही. मी एकदा केली होती, स्टिअरिंग दगड झालं आणि ब्रेकही जड झाला. पुढे वळण नव्हतं म्हणून आज हे लिहितोय.

क्लचचंही असंच. पायडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर क्लचचं बेअरिंग, दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या आतलं. पहिल्याचं काम एका दिवसाचं. दुसऱ्याचं ऐकून मिस्त्री बिडी पेटवतात.

3. पार्ट बदलणं म्हणजे आवाज शोधणं नव्हे.

हा धडा सगळ्यांत महाग पडला. 2019 च्या पावसाळ्यानंतर पुढून डावीकडून खटखट सुरू झाली. मोठा खड्डा असला तर नाही, बारीक उखडलेला रस्ता असला की हमखास. आमचे मिस्त्री बहिणीच्या लग्नाला गेले होते. मला कामानिमित्त एका मोठ्या शहरात जायचं होतं, तिथल्या एका मोठ्या गॅरेजात गाडी दाखवली. काचेची केबिन, एसी, कॉफी. गाडी वर उचलली, दोन तरुणांनी बॅटरी मारून पाहिलं आणि पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही लिंक रॉड बदलायला सांगितले. बिल 13,400. गाडी हातात आली, गेटच्या बाहेरच्या पहिल्याच खडीवर खटखट. परत वळलो. तर म्हणाले, आता लोअर आर्म बदलून पाहू.

त्या 'पाहू' शब्दावर मी गाडी घरी आणली.

मिस्त्री परतले. त्यांनी गाडी वर उचलली नाही की खाली वाकून पाहिलं नाही. माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मार्कंड्याकडे घ्या." चामोर्शीहून मार्कंडादेवाला जाणारा रस्ता तेव्हा त्यांना हवा तसा उखडलेला होता. महाशिवरात्रीच्या यात्रेला याच रस्त्याने माणसांचा पूर लोटतो. त्या दिवशी एक सायकलवाला आणि आम्ही. खटखट सुरू झाली. मिस्त्री म्हणाले, "आता ब्रेकवर पाय ठेवा. गाडी थांबवा नोका, नुसता ठेवा." मी पायडल जेमतेम अर्धा इंच दाबलं. तोच रस्ता, तीच खडी, आवाज गायब. पाय काढला, आवाज हजर. असं चार वेळा केलं. पाचव्या वेळी मी नुसता मौज म्हणून केलं.

परत येऊन चाक काढलं. ब्रेकचा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या बाहेर ओढल्या, तर त्यांच्यावरचं ग्रीस करपलेल्या गुळासारखं तपकिरी आणि कडक झालेलं. पॅडला धरून ठेवणारी स्प्रिंग पत्र्याची बोटभर क्लिप एका बाजूची नव्हतीच. पूर्वी कधी तरी पॅड बदलताना कुणी तरी ती परत बसवली नसणार. म्हणजे पॅड आपल्या घरात सैल होतं आणि बारीक खडीवर दातासारखं वाजत होतं. ब्रेकवर पाय पडला की ते दाबलं जायचं आणि गप्प बसायचं. मिस्त्रींनी पिना पॉलिश पेपरने घासल्या, उष्णता सोसणारं ग्रीस बोटाने पातळ लावलं आणि पिन आत ढकलली, तेव्हा आतली हवा रबरातून 'फस्' करून बाहेर आली. तो आवाज ऐकून ते पहिल्यांदा हसले. जुन्या गाडीची क्लिप त्यांच्या डब्यात होती. सगळे मिळून 280 रुपये, चहा माझ्याकडून.

ते 13,400 वायाच गेले असं म्हणवत नाही, शॉकअप नवे झाले, गाडी बसायला छान झाली. पण मी शॉकअप घ्यायला गेलो नव्हतो. तेव्हापासून नियम केला आहे: एका वेळी एकच काम, मग दोन दिवस गाडी चालवून पाहायची, मग पुढचं. आणि काढलेला जुना पार्ट घरी आणायचा. भंगारवाल्याला द्यायला का होईना.

4. घरघर वाढत असेल तर वळणावर ऐकावी.

आष्टीकडचा रस्ता सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी भरला, तेव्हापासून आमच्या भागातल्या सगळ्याच गाड्यांच्या चाकांना वय लवकर येतं. घरघर सुरू झाली की लोक काचा वर करून गाणी लावतात. मी काचा खाली करतो. लांब उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. तिथे घरघर वाढली तर डावं बेअरिंग, डाव्या वळणावर वाढली तर उजवं. बेअरिंग महिनाभर सांगत राहतं. त्यानंतर सांगत नाही.

5. टकटक ऐकून घाबरायच्या आधी टायर पाहावा. नक्षीत गिट्टी अडकलेली असते. मी एकदा एका गिट्टीसाठी गडचिरोलीपर्यंत गेलो आहे.

6. आवाज थांबला म्हणून पेढे वाटू नयेत.

ब्रेकच्या पॅडवर पातळ पत्र्याची एक जीभ असते. पॅड झिजलं की ती डिस्कला लागते आणि ची-ची करते. ती मुद्दामच तशी केलेली असते, सूचना म्हणून. माझ्या एका सहकाऱ्याची गाडी पंधरा दिवस ची-ची करून एक दिवस गप्प झाली. ते खूश. आठवड्याने घर्र-घर्र सुरू झाली, तोवर पॅडचा लोखंडी पाठीचा पत्रा डिस्कवर चालत होता. पॅडचं काम डिस्कवर गेलं. (पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो, सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक खरवडतात. त्याला घाबरायचं कारण नाही.)

7. जो आवाज रोज येत होता तो बंद झाला, तर तोही ऐकावा.

मे महिना, चंद्रपूरहून परत येत होतो. चंद्रपूरचा मे म्हणजे पारा 46-47 पर्यंत जाणार, संध्याकाळी पाचला सुद्धा रस्ता वाफाळतो. चिचपल्ली गेलं, अजयपूर गेलं, केळझरच्या जंगलात काट्याकडे नजर गेली तर तो लाल रेघेला टेकलेला. पुढून गोडसर वास. गाडी कडेला घेतली, उतरून बोनेट उघडायला गेलो तोच मागून एसटी येऊन थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून आधी आमच्याकडे आणि मग झाडीकडे पाहिलं. "मास्तर, गाडीतच बसा जी. वाघाचा पट्टा हाये हा." गाडीत बायको आणि मुलगी. बाहेर वाघ, आत भट्टी.

त्याच ड्रायव्हरने युक्ती सांगितली. चावी चालू करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर चारवर. हीटर म्हणजे डॅशबोर्डामागचा लहानसा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची उष्णता ओढून गाडीत सोडतो. मेच्या संध्याकाळी, सर्व काचा उघड्या ठेवून आम्ही हीटर लावून बसलो. मुलगी अजून ती गोष्ट सांगते आणि दर वेळी त्यात एक वाघ वाढवते. वीस मिनिटांनी काटा उतरला. टोपीला हात लावला नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडून तोंडावर उकळतं पाणी घेतलेले दोघे जण मला माहीत आहेत. पाऊण तासाने, झाकणावर फडकं गुंडाळून हात टेकवता आला तेव्हा ते हळू सोडलं, बाटलीतलं पाणी घातलं आणि एसी बंद ठेवून पन्नासच्या वेगाने मूलला आलो. एसटी सुटण्यापूर्वी ड्रायव्हर म्हणाला होता, "वायर पाहून घेजा पंख्याची."

पंखाच होता. फ्यूज उडालेला. गाडी थांबवली की पुढून घूंऽऽ करून पंखा फिरतो तो आवाज आठवडाभर नव्हता. मला गाडी छान शांत झाली असं वाटलं होतं. वहीत तशी नोंदही केली होती.

8. पावसाळ्यातले काही हिशेब.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं, यावर वाद नको. गोसीखुर्दचं पाणी सुटलं की वैनगंगा आणि तिला मिळणारे नाले आमचे रस्ते दरवर्षी बंद करतात. त्या दिवशी शाळेला न पोचलेला मास्तर फारसं कुणी शोधत नाही. पण कमी पाणी समजून शिरलात आणि गाडी मध्येच बंद पडली, तर परत स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि आतला रॉड वाकतो. धक्का मारून बाहेर काढावी, टोचन लावून गॅरेजात न्यावी. ते लाजिरवाणं असतं, पण स्वस्त.

हँडब्रेक मी जून ते ऑक्टोबर लावतच नाही. गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाला वीट लावतो. दोन दिवस भिजलेल्या गाडीचे मागचे ड्रम हँडब्रेकसकट चिकटतात, मग सकाळी गाडी हलते आणि मागून 'टण्ण' असा आवाज येतो. तो ऐकल्यावर माझी आई अजून विचारते, काय तुटलं?

9. धान कापणीनंतर बोनेट उघडं ठेवावं.

दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत बांधीतला धान कापला जातो आणि उंदीर गावात येतात. गरम इंजिन, कापसासारखा इन्सुलेशनचा पत्रा, चघळायला वायरींचं कव्हर. त्यांना याहून बरं घर कुठे मिळणार? एकदा ब्लोअरमधून फडफड येत होती. आतून सागाची अर्धवट कुरतडलेली पानं, धानाची टरफलं आणि माझ्याच गॉगलचं कापड निघालं. दुसऱ्यांदा पेट्रोलचा वास आला. रबरी पाइपला दात लागले होते, आणि पाइपही जुना, आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या आधीच्या काळातला. आवाजाच्या बाबतीत मी एखादा दिवस थांबतो, पेट्रोलच्या वासाला एक मिनिटही नाही.

तंबाखूची पुडी ठेवा म्हणतात. ठेवली. उंदरांनी तिचा गादी म्हणून उपयोग केला. रात्री बोनेट अर्धं उघडं ठेवलं, खाली बल्ब लावला, तेव्हा कमी झाले. उजेडात आणि थंडीत त्यांना संसार नको असतो.

10. जे आवाज करतच नाही त्याला जास्त भ्यावं.

टायमिंग बेल्ट तुटायच्या आधी बहुतेकदा चकार शब्द काढत नाही. तुटला की पुष्कळ इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हना ठोकतो आणि त्या एका सेकंदाच्या आवाजाची किंमत गाडीएवढी असते. पुस्तकात जे किलोमीटर आणि जी वर्षं लिहिली असतील ती पाळायची. गाडी कमी चालली तरी वर्षं मोजायची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते मी दोन वर्षांनी बदलतो. टायरचंही वय असतं. बाजूला शेवटी चार आकडे कोरलेले असतात: 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसते, रबर मात्र वाळलेल्या आमचुरासारखं तडकलेलं असतं. रेगडीच्या कन्नमवार जलाशयावर पिकनिकला जाताना असाच एक फुटला. स्टेपनी काढली, तीही तेवढ्याच वयाची.

11. कागदांनाही वय असतं.

पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, पुढे दर पाच वर्षांनी. माझं 2021 मध्ये झालं, शुल्क 600 होतं. 1 एप्रिल 2022 पासून ते 5,000 झालं. वीस वर्षांपुढच्या गाडीला आता 10,000. वर पर्यावरण कर वेगळा. तपासणीला गाडी नेण्याआधी हॉर्न, वायपर, सगळे दिवे आणि नव्या पद्धतीची नंबर प्लेट बघून घ्यावी. मी ब्रेक लाइटच्या 20 रुपयांच्या बल्बपायी दोनदा गडचिरोलीला गेलो.

12. विकायची असेल तर वही लपवावी.

या दिवाळीत गाडी विकायचं ठरवलं. पुढचं नूतनीकरण तोंडावर आहे, मुलगी पुण्याला गेली, मला एसटीने जाता येतं. मुलचेऱ्याकडचे एक जण पाहायला आले. व्यवहारी माणूस, ऑइलची काडी काढून बोटावर घासली, सायलेन्सरला हात लावला. मग आम्ही दोघे चक्कर मारायला निघालो.

हरणघाटच्या रस्त्यावर वळताना ते म्हणाले, "मागून काही तरी वाजते जी."

"मागच्या सीटचं कुलूप आहे. पट्टी झिजली. सीटवर माणूस बसला की वाजत नाही."

"आणि हे?"

"ती ग्लोव्ह बॉक्सची कडी. पन्नासला सुरू होते, साठला थांबते."

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि कान दिला. खालून अगदी बारीक किरकिर येत होती. मी म्हणालो, ती गेल्या मंगळवारपासून आहे, बहुधा डाव्या मागच्या ड्रमची धूळपट्टी वाकली असेल, रविवारी चाक काढून बघणार आहे. त्यांनी ग्लोव्ह बॉक्स उघडून वही काढली आणि चाळत बसले. गाडी गावात शिरली तरी चाळतच होते.

घरासमोर उतरल्यावर वही परत दिली. "मास्तर," ते म्हणाले, "मंग तुमी कायले विकून रायले?"

मी त्यांना चहाला आत बोलावलं.